साठ मीटरवरचं दुखणं

१

सोमवारी सकाळी साडेदहाला त्याला खाली बोलावलं, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे त्याने ओळखलं. टॉवर क्रेनवाल्याला जेवणाच्या सुट्टीआधी कुणी खाली बोलावत नाही. साठ मीटरची शिडी उतरायची आणि पुन्हा चढायची म्हणजे काही गंमत नव्हे. सकाळी एकदा तो पाण्याची बाटली आणि कॉफीचा थर्मास घेऊन वर गेला, की दुपारपर्यंत वरच. साइटवर सगळे त्याला आभाळ्या म्हणायचे ते उगीच नाही.

पत्र्याच्या ऑफिसात कंपनीचे डॉक्टर बसले होते. त्यांनी एक कागद त्याच्यापुढे सरकवला.

"यकृताचे आकडे. अडीच महिन्यांपूर्वी नॉर्मलच्या तिप्पट होते. आता सहापट आहेत."

"पोटात दुखतंच आहे डॉक्टर. इथे, उजवीकडे, बरगडीखाली."

"दुखणारच. काविळीच्या तपासण्या साफ, सोनोग्राफी साफ, कोलेस्टेरॉलची गोळी मी बंद केली. आता एकच कारण उरतं."

"मी पीत नाही. अकरा वर्षं झाली."

"रोज सकाळी तू यंत्रात फुंकतोस आणि त्यात काही येत नाही, हे मला माहीत आहे. पण ते यंत्र सकाळचं सांगतं. संध्याकाळचं यकृत सांगतं." डॉक्टरांनी हात पुढे केला. "केबिनची चावी दे. शुक्रवारी बैठक आहे. दारू ठरली, तर परवाना कायमचा जाईल."

बावीस वर्षांत त्याने ती चावी कुणाच्या हातावर ठेवली नव्हती. ठेवली, पिशवी खांद्याला मारली आणि बाहेर पडला.

बाहेर त्याचा जोडीदार उभा होता. जोडीदार म्हणजे खालून खुणा करणारा सिग्नलवाला. क्रेनवाल्याला वरून निम्म्या वेळा भार दिसतच नाही. त्याला दिसतात ते खालच्या माणसाचे दोन हात. उचल, थांब, डावीकडे, हळू. नऊ वर्षं आभाळ्या याच दोन हातांच्या भरवशावर लोखंड उचलत आला होता. जोडीदाराने गालातली पेपरमिंटची गोळी या गालातून त्या गालात नेली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

"होईल सगळं नीट. मी आहे ना."

घरी बायकोने कागद वाचला. एकदा वाचला, मग चष्मा लावून पुन्हा वाचला. अकरा वर्षांपूर्वी तिने त्याला एकच गोष्ट सांगितली होती: पुन्हा थेंब घेतलास तर मी या घरात नसेन. आता ती स्टुलावर चढली आणि कपाटावरची बॅग खाली काढली.

२

ताई मंगळवारी सकाळी पहिल्या बसने आली. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. एकतीस वर्षं एका इस्पितळाच्या औषधाच्या खिडकीमागे उभी राहून निवृत्त झालेली. तिथले डॉक्टर तिला पाठीमागे चाळणी म्हणत, कारण त्यांची एकही चिठ्ठी तिच्या हातून चाळल्याशिवाय पुढे जात नसे. दोन डॉक्टरांनी तर तिच्या धाकाने अक्षर सुधारलं होतं.

पाणी पिऊन तिने पदर खोचला आणि ती समोर बसली.

"पितोस का?"

"नाही."

"एखादा घोट? लग्नात? कुणी आग्रह केला म्हणून?"

"ताई, नाही म्हटलं ना."

एखादी चिठ्ठी वाचावी तशी ती त्याच्याकडे पाहत राहिली. "बरं. मग तू पीत नाहीस असं धरून आपण चालू. खोटं निघालं तर तुझ्या बायकोची बॅग मी स्वतः बसस्टॉपपर्यंत उचलीन."

त्याला भरून आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्याचं म्हणणं निदान धरून चालणार होतं. पोट दुखतंय असं दाखवून त्याने तोंड फिरवलं.

"दुखणं राहू दे. आणखी काय काय होतं ते सांग. फालतू वाटलं तरी सांग."

फालतू बरंच होतं. तोंडाला सतत लोखंडाची चव. सकाळी अकराच्या सुमारास डोळ्यांवर झापड. मळमळ. दाढी करून लोशन लावलं, की गळा आणि गाल लालबुंद. त्यासाठी त्याने दोनदा ब्लेडची कंपनी बदलली होती.

"लोशन नाही बदललंस?"

"लोशन पंधरा वर्षं तेच आहे."

ताईने पाठकोऱ्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. त्याने मान लांबवून पाहिलं, तर तिने कागद उलटा केला.

"घरातली सगळी औषधं टेबलावर आण," ती म्हणाली. "एकूण एक."

३

टेबलावर चार आरोपी उभे राहिले. ताईने त्यांची झडती घेतली ती बघण्यासारखी होती.

पहिली रक्तदाबाची गोळी. "ही सात वर्षं घरात आहे. सात वर्षं सरळ वागली आणि चार महिन्यांपूर्वी अचानक बिघडली? होऊ शकतं, पण हिच्यावर माझा संशय कमी." दुसरी गुडघेदुखीची. तिने पाकीट उजेडात धरलं. "दहातल्या चारच गेल्यात. एवढ्याने सहापट होत नाही." तिसरं पोटाचं चूर्ण, मेहुण्याने दिलेलं. मेहुणा म्हणजे बायकोचा भाऊ. त्याला जगातल्या प्रत्येक रोगावर काहीतरी कुटून देण्याची हौस. ताईने त्याला फोन लावला.

"त्यात बडीशेप आणि मीठ आहे हो ताई!" मेहुणा इतका ओरडला की फोन लांब धरावा लागला. "आणि मी ते दिलं त्याचं पोट दुखायला लागल्यावर!"

"दुखण्यानंतर दिलं ना?"

"दीड महिन्याने!"

"मग सुटलास," ताई म्हणाली आणि फोन ठेवला. "गुन्हा आधी झाला, हे चूर्ण नंतर जन्मलं."

राहिली कोलेस्टेरॉलची गोळी. खरी संशयित तीच होती. अडीच महिन्यांपूर्वी आकडे तिप्पट आले, डॉक्टरांनी ती बंद केली, आणि तीन आठवड्यांत आकडे निम्म्यावर आले. डॉक्टर टाळी देत म्हणाले होते, सापडला चोर.

"मग पुन्हा वाढले कसे?" ताईने विचारलं. "चोर तुरुंगात आणि चोऱ्या दुप्पट? ती चोर नव्हतीच. पण मग त्या तीन आठवड्यांत आकडे उतरले का? त्या तीन आठवड्यांत आणखी काय बंद होतं?"

त्याने डोकं खाजवलं. "काही नाही. मी घरीच होतो. क्रेनचं मोठं बेअरिंग बदलायला काढलं होतं, साइट बंद होती."

ताईची लेखणी थांबली. तेवढ्यात दार वाजलं.

दारात जोडीदार होता, हातात बिस्किटांचा पुडा. त्याने तब्येत विचारली, डॉक्टरांना दोन शिव्या घातल्या, ताईंना नमस्कार केला. बसायला मात्र तयार नव्हता.

"तेवढा थर्मास दे रे. तुझ्या पिशवीत राहिला बघ. बायको विचारतेय कालपासून."

पिशवी सोमवारी कुठे भिरकावली ते आभाळ्याला आठवेना. बायको खोलीतून बाहेर यायला तयार नव्हती. "उद्या आणून देतो," तो म्हणाला.

"तू नको येऊस, मीच येतो. उद्या संध्याकाळी." पायरीवरून तो पुन्हा वळला. "आणि विसळत बसू नकोस हां. तसाच दे."

दार लागल्यावर आभाळ्या कौतुकाने म्हणाला, "बघ, नऊ वर्षं रोज माझ्यासाठी कॉफी आणतो. आणि दारूही सोडली त्याने, पाच महिने झाले. म्हणतो, तुझ्यासारखी सोडली."

ताईने बिस्किटाचा पुडा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि न फोडता बाजूला ठेवला.

४

बुधवारी ताईने बायकोला बोलतं केलं. स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं आणि आभाळ्या बाहेर उभा होता. चोरून ऐकणं त्याला शोभणारं नव्हतं, पण विषय त्याचाच होता.

"मला आकड्यांतलं कळत नाही ताई. मी डोळ्यांनी पाहिलंय," बायको म्हणाली. "दोन रविवारांपूर्वी मी बाहेरून आले. हे पलंगावर. तोंड टोमॅटोसारखं लाल, छाती धडधडतेय, घाम, मग उलटी. आणि तोंडाला वास. तो वास मी आठ वर्षं सोसलाय, मला विसरायला सांगू नका."

"मी खोकल्याचं औषध प्यायलो होतो!" तो दारातूनच ओरडला.

"पाहिलंत? हे त्या दिवशीही असंच म्हणाले."

"किती प्यायलास?" ताईने विचारलं.

"चमचा सापडला नाही. तोंडाला लावली बाटली, एक मोठा घोट."

ताईने कपाटातून ती बाटली आणली, चष्मा कपाळावर चढवला आणि बारीक अक्षरं नाकाशी धरून वाचली. मग न्हाणीघरात गेली आणि दाढीचं लोशन घेऊन आली. दोन्ही बाटल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"दोन्हींत अल्कोहोल आहे. लोशनमध्ये भरपूर, खोकल्याच्या औषधात थोडं. पंधरा वर्षं तू लोशन लावतोस, काही झालं नाही. आता लावलं की गळा लाल. एक घोट औषध पोटात गेलं तर छाती फुटायची वेळ आली. दारुड्याला एका घोटाने असं होत नाही रे. त्याला तर काहीच होत नाही."

"मग कुणाला होतं?"

"दारू सोडवायची गोळी जो घेतो त्याला. डायसल्फिराम. एकतीस वर्षं दिलीय मी ती खिडकीतून. ती पोटात असली की दारूचा थेंबही अंगावर उठतो, म्हणून माणूस भीतीने पीत नाही. तोंडाला लोखंडाची चव येते, झापड येते. आणि क्वचित एखाद्याचं यकृत तिला सोसत नाही. तिथे पोट दुखतं आणि आकडे चढतात." ताई खुर्चीत बसली. "कुणीतरी तुला ही गोळी देतंय. तुला न सांगता."

अशी गोळी कोण देतं? ज्याला वाटतं की हा पितो, तो. आणि या घरात तसं वाटणारं एकच माणूस होतं, आठवड्याच्या गोळ्यांचा डबा भरणारंही तेच.

आभाळ्याने बायकोकडे पाहिलं.

५

"माझ्याकडे काय बघताय?" बायको ताडकन उठली. "मी? मला संशय आला तर मी गोळी घालीन? मी बॅग भरीन! आणि भरलीच की! सगळ्या गल्लीने पाहिली असेल!"

"खरं आहे," ताई म्हणाली. "शिवाय हिने दिली असती, तर ते तीन आठवडे सर्वांत सोपे होते. तू घरातच, तिन्ही त्रिकाळ हिच्या हातचं खाणार. नेमके तेव्हाच आकडे उतरले. म्हणजे जे काही होतं ते साइटवर होतं. तिथे तू काय खातोस?"

"हिने दिलेला डबा."

"तो सुट्टीतही हिच्याच हातचा होता. आणखी?"

"पाणी. नळाचं, सगळ्यांबरोबर."

"आणखी?"

त्याच्या तोंडात शब्द आला होता, पण तो बाहेर काढावा असं त्याला वाटेना. "कॉफी," तो शेवटी म्हणाला, आणि लगेच हसला. "काहीतरीच काय ताई! वहिनींच्या हातची कॉफी ती. जोडीदाराची बायको. पहाटे कामावर जाण्याआधी करून ठेवते बिचारी. तो सकाळी थर्मास माझ्या हातात देतो, मी वर नेतो, दुपारी रिकामा परत करतो. नऊ वर्षं."

"नऊ वर्षं तशीच?"

"अगदी तशीच. फक्त हल्ली दुधाची पावडर नीट विरघळलेली नसते, तळाशी पांढरा गाळ बसतो. मी हलवून पितो."

तिघांनी मिळून पिशवी शोधली. ती सापडली जोड्यांच्या मागे. थर्मास अर्धा भरलेला होता, तीन दिवसांची आंबलेली कॉफी. नाकाला पदर लावून ताईने ती फडक्यातून गाळली. फडक्यावर पांढरं काहीतरी उरलं. तिने त्यावर उकळतं पाणी ओतलं. मग आणखी एकदा ओतलं. दुधाची पावडर केव्हाच वाहून गेली असती. हे जसंच्या तसं बसून राहिलं.

"त्याने का द्यावी?" आभाळ्या म्हणाला. "त्याला वाटलं असेल मी पितो? मी वरून टनभर लोखंड हलवतो, खाली तो उभा असतो. घाबरला असेल. घाबरून..."

तो अजून मित्राची बाजू लावत होता. ताईला त्याची दया आली, पण तिने ती दाखवली नाही.

"उद्या वहिनींना विचारू," ती म्हणाली. "आणि आज संध्याकाळी तो आला, तर थर्मास सापडला नाही म्हणून सांग."

संध्याकाळी तो आला. रिकाम्या हाताने परत जाताना त्याचा चेहरा आभाळ्याने पाहिला, आणि रात्रभर त्याला तो चेहराच दिसत राहिला.

६

वहिनी एका मोठ्या धुलाई-कारखान्यात पहाटेच्या पाळीला होत्या. इस्पितळांच्या चादरी तिथे धुऊन, इस्त्री होऊन निघत. गुरुवारी सकाळी दोघं गेले तेव्हा त्या वाफेत उभ्या राहून चादरीची टोकं जुळवत होत्या. आभाळ्याला पाहून हसल्या.

"भाऊजी! इकडे कुठे?"

ताईने पिशवीतून थर्मास काढला. "हा तुमचा ना?"

"अगं बाई, सापडला! हे म्हणाले साइटवर हरवला." त्यांनी ताईकडे पाहिलं, मग भाऊजींकडे. हसू थोडं ओसरलं. "तुमच्याकडे कसा?"

"वहिनी," आभाळ्या म्हणाला, "ही कॉफी रोज मीच पितो."

त्यांच्या हातातलं चादरीचं टोक सुटलं.

"असं कसं? तुम्हाला निराळी बाटली नेतात ना? डॉक्टरांसमोर ठरलं होतं आमचं. पाच महिन्यांपूर्वी मी त्यांना ओढत नेलं, यांची दारू हाताबाहेर गेली म्हणून. डॉक्टरांनी गोळी दिली. मी पहाटे चारला बाहेर पडते, समोर उभं राहून गोळी कशी देणार? म्हणून ठरलं, मी चुरून कॉफीत घालायची आणि यांनी ती सगळी संपवायची. यांना ठाऊक आहे, हो म्हणाले होते. भाऊजींसाठी वेगळी बाटली नेईन म्हणाले होते." त्या एका दमात बोलत होत्या. "थर्मास रोज रिकामा यायचा. मी तो विसळताना रोज देवाचे आभार मानायचे."

शेजारचं यंत्र फुस्स करून वाफ सोडत राहिलं.

"म्हणजे ते पितात अजून," वहिनी म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता. मग त्यांची नजर आभाळ्याच्या पिवळट डोळ्यांवर गेली आणि त्यांनी तोंडावर हात घेतला. "भाऊजी, तुमचं पोट... ते माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे नाही वहिनी," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर तो फुटपाथच्या कडेला बसला. आभाळ्या पितो असं जोडीदाराला वाटलंच नव्हतं. भीती नाही, काळजी नाही, काहीच नाही. गोळी नको होती म्हणून ती वर पाठवली होती, इतकंच. आता त्याला पेपरमिंटही कळलं. यंत्रात फुंकायला लागायचं ते फक्त वरच्या माणसाला. खालच्याला कुणी विचारत नव्हतं.

"उद्याच्या बैठकीत तो साक्षीला आहे," ताई म्हणाली. "काय म्हणतो ते आधी ऐकू."

७

शुक्रवारी त्या पत्र्याच्या ऑफिसात सुरक्षा अधिकारी, डॉक्टर, आभाळ्या आणि ताई असे चौघं बसले होते. ताईला बाहेर थांबायला सांगितलं होतं. ती ऐकू न आल्यासारखं करून आत आली. जोडीदार दाराशी उभा होता.

अधिकाऱ्यांनी कागद वाचला. "सिग्नलवाल्याचा जबाब, मागच्या आठवड्यातला. प्रश्न: क्रेनवाला दारू पितो का? उत्तर: सांगता येत नाही साहेब. जुना दोस्त आहे, मी काय बोलू. पण हल्ली सकाळी तोंड लाल असतं."

आभाळ्याने जोडीदाराकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

मग ताई बोलली. तिने काही फार वेळ घेतला नाही. लोशन, खोकल्याचं औषध, बंद साइटचे तीन आठवडे, फडक्यावरचा गाळ, सगळं एकापुढे एक ठेवलं आणि शेवटी वहिनींच्या सहीची चिठ्ठी. सही थरथरलेली होती पण मजकूर स्पष्ट होता. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"मी कोलेस्टेरॉलच्या गोळीवर थांबलो," ते म्हणाले. "नंतर थेट दारूवर उडी मारली. मधे विचारायला हवं होतं."

"हवंच होतं," ताई म्हणाली. डॉक्टर आहेत म्हणून गोड बोलायची तिला सवय नव्हती.

अधिकारी जोडीदाराकडे वळले, पण आभाळ्या आधीच उठला होता.

"ओतून का नाही टाकलीस?" त्याने विचारलं. "गटारात ओतायचीस. बायकोला रिकामा थर्मास मिळाला असता, तुला तुझी दारू मिळाली असती. माझ्याकडे का दिलीस?"

जोडीदाराने पेपरमिंट गिळून टाकलं. "तू विचारलं असतंस ना. नऊ वर्षं देतोय. आज कॉफी का नाही, म्हणून विचारलं असतंस. मग काय सांगायचं?"

"एवढ्यासाठी?"

"तू पीत नव्हतास यार! जो पीत नाही त्याला त्या गोळीने काय होणार, असं वाटलं मला. आईशप्पथ. यकृतबिकृत मला काय माहीत?"

"नव्हतं माहीत, मान्य. पण जबाब देताना काय माहीत होतं ते सांग."

जोडीदाराने नजर पुन्हा जमिनीकडे नेली.

"मी सांगतो," आभाळ्या म्हणाला. त्याचा आवाज आता नीट लागला होता. "माझ्या बायकोने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. डॉक्टरांनी ठेवला नाही. माझ्या सख्ख्या बहिणीनेसुद्धा घरात पाऊल टाकल्या टाकल्या विचारलं, पितोस का. त्यांचं चुकलं नाही, त्यांना कळायला मार्ग नव्हता. सगळ्या जगात फक्त एका माणसाकडे पुरावा होता. रोज ती कॉफी पिऊन मी संध्याकाळी एक पेला घेतला असता, तर दवाखान्यात पडलो असतो. पाच महिन्यांत कामाचा एक दिवस मी ती कॉफी चुकवली नाही. मी पीत नाही हे तुला माहीत होतं. फक्त तुला. आणि तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, सांगता येत नाही."

बाहेर क्रेन उभी होती, हूक रिकामा.

"मी तुझ्या हातांकडे बघून भार उचलायचो रे," तो म्हणाला, आणि खाली बसला.

८

आकडे उतरायला सात आठवडे लागले. पोटातलं दुखणं आधी गेलं, मग तोंडाला चव आली, मग दाढीनंतरचा गळा नेहमीसारखा राहायला लागला. डॉक्टरांनी चावी स्वतः घरी आणून दिली. जोडीदाराचं काम गेलं. वहिनींनी त्याला घराबाहेर काढलं की तोच गेला, हे आभाळ्याने कुणाला विचारलं नाही. एकदा रस्त्यात तो समोरून आला, थांबला, तोंड उघडलं. आभाळ्याने रस्ता ओलांडला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. राग नव्हता, नऊ वर्षं कुठे ठेवायची तेच त्याला कळत नव्हतं.

बायकोने बॅग रिकामी करून पुन्हा कपाटावर टाकली होती. दोघं बोलत होते, पण जपून, नव्या बिऱ्हाडात भांडी लावावी तसे.

कामावर परत जायच्या दिवशी सकाळी तो जोडे घालत होता. बायको स्वयंपाकघरातून नवा थर्मास घेऊन आली.

"माझ्यावर राग आहे ना अजून?" तिने विचारलं.

"आहे."

"असू दे. मी ऐकून घ्यायला हवं होतं. त्या दिवशी खोकल्याची बाटली टेबलावर होती, मी बघितलीसुद्धा नाही."

थर्मास तिने पुढे केला. त्याने हात पुढे केला आणि तो हात मधेच थांबला. त्याने मुद्दाम थांबवला नव्हता. तो स्वतःच चपापला, बोटं मिटली, पुन्हा उघडली. संसाराच्या इतक्या वर्षांत तिच्या हातचं काही घेताना असं कधी झालं नव्हतं.

तिने ते पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने झाकण फिरवलं, त्यात कॉफी ओतली, त्याच्याकडे बघत सगळी पिऊन टाकली. मग झाकण घट्ट लावलं आणि थर्मास पुन्हा त्याच्यापुढे धरला.

या वेळी त्याने घेतला.